आधी भाव, मग गणित

"काय करता आपण?" असं कुणी विचारलं की मी "गणितं सोडवते" असं सांगायची, आणि विचारणाऱ्याला एकदम दुसरं काही तरी काम आठवायचं. लग्नकार्यात तर माझ्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी. पण खोटं कशाला सांगू? अंबरनाथ पूर्वेला, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्सची उदाहरणं सोडवायला शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यातही मोठमोठं फिजिक्स नव्हे, अगदी पहिल्या पायरीवरचं. ठोकळा उतारावरून घसरतो. चेंडू वर फेकला जातो. बंदुकीची गोळी फळीत घुसून थांबते. लिफ्ट वर जायला सुटली की आतल्या माणसाचं वजन वाढतं. बल, गती आणि गतिज ऊर्जा, एवढंच माझं दुकान.

ज्यांचा या विषयाशी दहावीनंतर संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. हे काम भाजी निवडण्याइतकं सरळ आहे. आधी उदाहरण नीट वाचायचं. मग त्यातल्या वस्तूचं चित्र काढायचं. मग तिला कोण कोण ओढतंय, कोण ढकलतंय, कोण अडवतंय, ते एकेका बाणानं दाखवायचं. पृथ्वी खाली ओढते, जमीन वर ढकलते, घर्षण मागे खेचतं. बाण पुरे झाले की एक समीकरण मांडायचं आणि मुकाट सोडवायचं. ज्याला बाण जमले त्याला फिजिक्स जमलं, असं मी म्हणायची. निम्मी मुलं बाण न काढताच समीकरणावर झडप घालायची आणि तोंडघशी पडायची.

माझ्याकडे तीन प्रकारची मुलं येत. एक, अंबरनाथच्या कारखान्यांतल्या ऑफिसरांची. इंग्रजी चांगलं, वह्यांना खाकी कव्हरं. दुसरी, बदलापूर गाव, जांभूळ, वांगणीकडची शेतकऱ्यांची मुलं. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली, त्यामुळे त्यांना त्वरण ठाऊक पण ॲक्सिलरेशन म्हटलं की घाम फुटे. त्यांना मी आधी उदाहरण गोष्टीसारखं आपल्या भाषेत सांगायला लावायची. आणि तिसरी, उल्हासनगरची सिंधी मुलं. शाळेच्या दप्तराबरोबर दुकानाचं शटर उचलायला शिकलेली. गावची मुलं मला बाई म्हणत आणि सिंधी मुलं टीचर.

यातल्याच हरेशनं माझ्या शिकवण्याला कायमचं वळण लावलं. त्याच्या वडिलांचं, चेलाराम शेठचं, उल्हासनगरात फर्निचरचं दुकान होतं. एकदा मी फळ्यावर साधं उदाहरण घातलं. बस अमुक वेगानं चालली आहे, ब्रेक लावल्यावर इतक्या अंतरात थांबते, तर तिला अडवणारं बल किती? एका ऑफिसरांच्या मुलानं सगळ्यात आधी हात वर केला आणि मोठ्या ऐटीत उत्तर सांगितलं, "अडीच न्यूटन." अडीच न्यूटन म्हणजे पावशेर भेंडीचं वजन. मी काही बोलायच्या आत मागून हरेश ओरडला, "टीचर, इतने में बस तो छोडो, सायकल भी नहीं रुकेगी! भाव वाढवायला सांगा त्याला!"

वर्ग खो खो हसला. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की या पोरानं लाखमोलाची गोष्ट सांगितली आहे. त्याला सूत्र आठवत नव्हतं, पण बस पावशेर भेंडीनं थांबत नाही हे त्याला ठाऊक होतं. बाजारात वाढलेल्या मुलाला हातात घेतलेल्या मालाचा अंदाज असतो. पुस्तकात वाढलेल्याला वाटतं, गणितातली बस ही कुठल्या तरी वेगळ्याच देशातली बस आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी नियमच केला. आधी भाव, मग गणित. उदाहरण वाचून झालं की पेन खाली ठेवायचं आणि प्रत्येकानं उत्तराचा आपापला भाव बोलायचा. "पाच हजार न्यूटन." "नाही हो, जास्त सांगताय. दोन हजार." "चला, तीनला तोडा." अशी घासाघीस व्हायची. ठरलेला भाव मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची आणि मग गणित सोडवायचं. उत्तर भावाच्या आसपास आलं तर ठीक. नाही आलं, तर दोघांपैकी एक कुणी तरी चुकलंय. कोण चुकलंय ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही.

ऑफिसरांच्या मुलांना सुरुवातीला हे अगदीच भाजीबाजारी वाटलं. एका आईनं मला येऊन विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे फिजिक्स शिकवतात की मंडई भरते?" मी म्हटलं, "दोन्ही." पण महिन्याभरात तिचाच मुलगा सगळ्यात चिवट घासाघीस करू लागला.

एकच मुलगी कधी भाव बोलायची नाही. मंदा, जांभूळची. अक्षर मोत्यासारखं, गणित बिनचूक, पण तोंड शिवलेलं. "अगं, सांग ना काही तरी," म्हटलं की खाली बघून म्हणायची, "माजा भाव चुकला तर समदी हसतील, बाई." मी तिला खूप सांगून पाहिलं की भाव चुकण्यासाठीच असतो. ती मान डोलवायची आणि गप्प बसायची.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नामी यायची. एका केमिकल कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर आले, म्हणाले, गेटवर लावायला वेगाबद्दल काही तरी शास्त्रीय घोषवाक्य द्या, कामगार सायकली फार भरधाव हाणतात. मी गतिज ऊर्जेचं सूत्र मराठीत करून दिलं: वेग दुप्पट, धक्का चौपट. वेग दुप्पट झाला की वस्तूतली ऊर्जा चौपट होते आणि थांबायला अंतरही चौपट लागतं, एवढाच त्याचा अर्थ. पाटी लागली. पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा आले आणि म्हणाले, "मॅडम, कामगार म्हणतात, मग पगार दुप्पट केला तर काम चौपट होईल का बघा."

नंतरच्या वर्षांत चार पर्यायांतून एकावर खूण करायच्या परीक्षांचं प्रस्थ वाढलं. उत्तर समोर लिहिलेलंच असतं, मग भाव कोण करणार? मुलं युक्त्या मागू लागली, बाण कुणाला नकोसे झाले, आणि मी हळूहळू वर्ग आवरता घेतला. त्याची हळहळ अजून वाटते. पण मला आज सांगायचं आहे ते त्याआधीचं, हरेश आणि मंदाच्या बॅचचं. माझ्या सगळ्या नोकरीधंद्यात मी एकच उदाहरण असं सोडवलं ज्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं नव्हतं.

चेलाराम शेठकडे माल पोचवायला एक तीनचाकी टेम्पो होता आणि त्यावर ड्रायव्हर होता बबन, बदलापूर गावचा. हरेशला सायकल शिकवली ती बबननं, शाळेत सोडलं ते बबननं. एका दुपारी आरशाची टेबलं घेऊन बदलापूरकडे जाताना रस्त्यात शेळी आडवी आली. बबननं करकचून ब्रेक दाबला, शेळी वाचली, पण टेम्पो घसरत डावीकडे गेला आणि पानाच्या टपरीवर टेकला. टपरी आडवी झाली. पानवाला चहाला गेला होता म्हणून कुणाला लागलं नाही. एक आरसा तडकला. माणसं जमली, हवालदार आला. त्यानं विचारलं, "ब्रेक नीट आहेत का रे?" बबन म्हणाला, "ब्रेक चांगलं हायेत साहेब. मीच जोरात व्हतो."

शेठनं टपरीवाल्याचं नुकसान भरून दिलं, पण बबनला सांगितलं, "स्पीडवाला ड्रायव्हर मुझे नहीं चाहिए. दिवाळीनंतर दुसरीकडे काम बघ." इतक्या वर्षांचा माणूस, मान खाली घालून उभा राहिला.

हरेश वर्गात आला तो उदाहरण घेऊनच. "टीचर, बबनभाऊ जोरात जातच नाही. उसको सब बैलगाडी बोलते हैं. तीसच्या वर त्यानं कधी काटा नेलाच नाही. पण तो स्वतःच बोलतोय की मी जोरात होतो. टायरची खूण अजून रस्त्यावर आहे. उससे स्पीड निकलता है ना?"

निघतो. घसरणारं चाक थांबेपर्यंत रस्त्यावर काळा पट्टा उमटवतं. तो पट्टा किती लांब आणि त्या रस्त्यावर रबर किती पकड घेतं, एवढं कळलं की आधीचा वेग काढता येतो. रविवारी सकाळी आम्ही जमेल तेवढे जण तिथं गेलो. हरेशनं टेपचं एक टोक धरलं, मंदानं दुसरं. पट्टा वीस मीटरच्या आसपास भरला. मग एक जुनं टायर दोरीनं बांधून रद्दीवाल्याकडून आणलेल्या ताणकाट्यानं रस्त्यावरून ओढलं. टायरचं वजन किती आणि ओढायला लागलेलं बल किती, याचं गुणोत्तर म्हणजेच पकड. येणारेजाणारे थांबून बघत होते. एकानं विचारलं, "बाई, टायर इकायचाय का?"

त्याच दिवशी वर्ग भरला. आधी भाव. हरेश म्हणाला तीस, आणि एक पैसा वर जायला तयार होईना. इतरांनी त्याच्या मायेखातर तीसच मान्य केलं. मी कोपऱ्यात तीस लिहिलं. मग ठोकळा काढला, बाण काढले, समीकरण मांडलं. दोन्ही बाजूंना वस्तुमान होतं, ते नेहमीप्रमाणे छेद देऊन उडवलं. आणि उत्तर आलं, ताशी पंचावन्न किलोमीटरच्या वर.

हरेशचा चेहरा पाहवेना. "टीचर, भाव जुळत नाही," एवढंच तो म्हणाला.

नियम म्हणजे नियम. आम्ही पट्ट्याची लांबी तपासली, पकड तपासली, मीटरचे किलोमीटर तपासले. गणित चोख होतं. कुणी तरी हळूच म्हणालं, "म्हणजे बबन खरंच जोरात असेल. तो स्वतःच म्हणतोय की." एका माणसाची नोकरी आणि नाव त्या फळ्यावर होतं, आणि फळा त्याच्या विरुद्ध साक्ष देत होता.

मंदा उठून फळ्याजवळ आली. माझ्या ठोकळ्याच्या तळाशी तिनं बोट ठेवलं. मग म्हणाली, "बाई, ठोकल्याला चाकं नसतात."

"म्हणजे काय गं?"

"तुमी टेम्पोचा ठोकला काडला. ठोकला सगलाच्या सगला घासतो. टेम्पोला तीन चाकं हायेत. पन रस्त्यावर पट्टा एकच व्हता. मी टेप धरलेली ना. डाव्या चाकाचा. दुसरा नवताच." आणि मग, अख्ख्या वर्षात पहिल्यांदा, ती भाव बोलली. "माजा भाव हरेशचाच. तीस."

मी खडू खाली ठेवला. आयुष्यभर ठोकळे काढून काढून मला समोरचा टेम्पोही ठोकळाच दिसला होता. पुस्तकात जहाज ठोकळा, हत्ती ठोकळा, रेल्वेचा डबा ठोकळा. ही चूक एखाद्या मेकॅनिकनं कधीच केली नसती. ती करायला फिजिक्सचीच बाई लागते.

आता मंदानं चित्र काढलं. तीन चाकं, प्रत्येकावर साधारण तिसरा हिस्सा वजन. ब्रेक धरला फक्त मागच्या डाव्या चाकानं. बाकीची दोन चाकं नुसती फिरत राहिली. म्हणजे थांबवायचा अख्खा टेम्पो, आणि थांबवणारी पकड मात्र एक तृतीयांश वजनाची. अशी गाडी हळू चालली असली तरी लांबवर घसरतच जाणार. नव्यानं सोडवलं आणि उत्तर आलं तीस-बत्तीस. टेम्पो डावीकडे का ओढला गेला तेही आपोआप सुटलं. धरणारं चाक डावीकडेच होतं.

मुलांनी टाळ्या पिटल्या. मंदा लाजून जाग्यावर जाऊन बसली. मला त्या क्षणी तिचा जो अभिमान वाटला, तसा पुढे बोर्डात आलेल्या मुलांचाही कधी वाटला नाही. पण हरेश टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या ध्यानात पुढची पायरी आली होती. बबन हळू होता याचा अर्थ ब्रेक खराब होते. आणि टेम्पो होता त्याच्या वडिलांचा.

मी त्याला म्हटलं, "घाई नको करू. मी येते तुझ्याबरोबर."

"नको टीचर. मतलब, या. पण बोलणार मी."

चेलाराम शेठ गल्ल्यावर बसले होते. हरेशनं प्लायवुडच्या तुकड्यावर खडूनं तीन चाकं काढली आणि सगळं समजावलं, बाणांसकट. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं. अंगात बाजार भिनलेला माणूस. म्हणाले, "ठीक है, पचपन नहीं. लेकिन तीस भी बहुत कम बोलता है तू. चल, चालीस रख."

हरेशनं हाताला लागलेला खडू पुसला. "पप्पा, ये फिक्स रेट है."

दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. शेठ हसले नाहीत. त्यांनी बबनला आत बोलावलं. "हवालदार को झूठ क्यों बोला तू?"

बबननं आधी माझ्याकडे पाहिलं, मग प्लायवुडकडे. "शेठ, ब्रेकचं नाव काडला असता तर त्यानं गाडी तिथंच अडकवून ठेवली असती. तुमच्यावर आला असता. मंग मी बोललो, मीच जोरात व्हतो."

"और मुझे? मुझे क्यों नहीं बताया?"

"तुमाला सांगितला व्हता ना शेठ. आधीच्या आठवड्यात. तुमी बोल्ले, अगले हफ्ते करेंगे."

शेठना आठवलं. ते आठवताना मी पाहिलं. दुसरा एखादा मालक नोकरावर डाफरला असता, मुलाला घरी पाठवून दिलं असतं, मला चहा पाजून वाटेला लावलं असतं. चेलाराम शेठ उठले, बबनच्या खांद्यावर हात ठेवला आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "गलती मेरी है. दिवाळी-बिवाळी कुछ नहीं, तू कहीं नहीं जाएगा." दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी टेम्पो गॅरेजात गेला. माझ्या वर्गाला त्यांनी सागवानी चौकटीचा नवा फळा पाठवला आणि हरेशबरोबर निरोप दिला, इसका भाव मत पूछना.

मला वाटलं, उदाहरण सुटलं. पण निघताना बबन माझ्यामागं रस्त्यापर्यंत आला. घुटमळला. "बाई, एक काम व्हता. माज्या घरी याल? मंडळीला सांगाल का मी जोरात नवतो? त्या दिसापासून ती याबद्दल एक शब्द बोल्ली नाय. तिलाबी वाटतंय मी माजुरीनं गाडी हाकली. माजा सांगितलेला तिला पटनार नाय, मीच समद्यांसमोर कबूल केलाय. तुमी शिकलेल्या. तुमचा ती आयकेल."

मी मंदाला बरोबर घेऊन गेले. बदलापूर गावात, बबनच्या अंगणात. त्याची बायको सुमन तांदूळ पाखडत होती. तिनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मंदानं सुपातलेच तीन तांदूळ चाकांसारखे मांडले आणि सांगायला सुरुवात केली. तिच्या भाषेत सांगत होती, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. पट्टा एकच, चाक एकच, पकड तिसरा हिस्सा. सुमन सूप बाजूला ठेवून ऐकत होती. मंदा शेवटाला आली. "म्हनजे वयनी, भाऊ तीसच्या वर नवताच."

सुमन पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसू आवरेचना. "अगं, त्याला एवडी गनितां कशाला? मला इचारायचा ना! हा मानूस सवताच्या लग्नाला टेम्पो चालवत आला नि मुहूर्त टळला. भटजी उटून चालले व्हते. हा नि जोरात?"

आम्ही सगळे हसलो. बबन हसला नाही. तो ओट्याशी उभा होता तिथूनच म्हणाला, "तुला ठाव व्हता? मंग इतकं दिवस बोल्ली का नाय?"

सुमनचं हसू थांबलं. तिनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं. "तूच समद्या गावासमोर बोल्लास का मी जोरात व्हतो. कायतरी असल म्हनून बोल्लास. मी आपल्याच घोवाला खोटा कशी पाडू?"

बबन खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मंदा माझ्याकडे बघत होती. आमच्या नियमाप्रमाणे त्या दिवशी रस्त्यावर टेप धरण्याआधी, टायर ओढण्याआधी, सगळ्यांना भाव विचारायला हवा होता. या घरात तो पहिल्या दिवसापासून बरोबर ठाऊक होता. सुमननं तीन तांदूळ उचलून सुपात टाकले आणि विचारलं, "बाई, जेऊन जाल ना?"

आम्ही जेवून गेलो.